एक गाव, एक ग्रंथ : सामुदायिक वाचन आणि वाचकाची संकल्पना

मराठी समीक्षेतला वाचक बहुधा एकटा असतो. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथापासून रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पर्यंत (१९७४) आस्वादाची चर्चा ही प्रामुख्याने एका व्यक्तीच्या, एका संहितेशी आलेल्या संबंधाची चर्चा म्हणून चालत आली आहे. पुढे वाचककेंद्री समीक्षेची परिभाषा मराठीत आली. इझरचा गर्भित वाचक, याऊसचे अपेक्षांचे क्षितिज, फिशचे अर्थनिर्णायक समुदाय ह्या संकल्पना विद्यापीठीय लेखनात रुळल्या. तरीही पुस्तक हाती घेऊन एकांतात बसलेल्या माणसाचे चित्र काही हलले नाही. फिशचा ‘समुदायसुद्धा’ (१९८०) प्रत्यक्षात एकत्र बसलेल्या माणसांचा नव्हे. वाचनाचे समान संकेत आत्मसात केलेल्या, पण वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचणाऱ्या व्यक्तींचा तो समुदाय आहे.

ह्यात एक विसंगती अशी की, ज्या परंपरेत ही समीक्षा वाढली त्या परंपरेने ग्रहण करणाऱ्याला मुळी ‘सामाजिक’ असेच म्हटले होते. संस्कृत काव्यशास्त्रात ‘सामाजिक’ म्हणजे समाजात, सभेत बसलेला प्रेक्षक. सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन होते आणि ह्या एकघनतेने रसाचा परिपोष होतो, असे अभिनवगुप्ताचे प्रतिपादन आहे. आधुनिक मराठी समीक्षेने त्याच्याकडून ‘सहृदय’ उचलला आणि ‘सामाजिक’ नाट्यशास्त्राच्या दालनात ठेवून दिला. ‘वाचन’ हा शब्द देखील ‘वच्’ धातूच्या प्रयोजक रूपातून येतो, म्हणजे त्यात बोलायला लावणे अभिप्रेत आहे, आणि बोलणे म्हटले की ऐकणारा आलाच.

सामुदायिक वाचनाचा प्रश्न आज पुन्हा समोर येतो तो मात्र ह्या वाटेने नव्हे. तो येतो परदेशातील एका ग्रंथालयीन उपक्रमाच्या वाटेने. १९९८ मध्ये सिॲटल सार्वजनिक ग्रंथालयातील ‘वॉशिंग्टन सेंटर फॉर द बुक’ने नॅन्सी पर्ल ह्यांच्या पुढाकाराने, सबंध सिॲटलने एकच पुस्तक वाचले तर काय होईल, ह्या कल्पनेवर एक कार्यक्रम आखला. पुस्तक निवडले होते रसेल बँक्स ह्यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ ही कादंबरी. एका लहान गावातील शाळेच्या बसला झालेला अपघात आणि त्यानंतरचे ते गाव हा तिचा विषय. २००१ मध्ये शिकागोने हार्पर ली ह्यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ निवडली आणि ही कल्पना अमेरिकेतील शहराशहरांत पसरली. तिची रीत साधी आहे. ग्रंथालय किंवा निवड समिती एक पुस्तक ठरवते, त्याच्या प्रती मुबलक उपलब्ध केल्या जातात, लोक ते आपापल्या घरी वाचतात आणि मग ठिकठिकाणी चर्चा, व्याख्याने, चित्रपट, लेखकाची भेट असे कार्यक्रम होतात. वाचन एकट्याचे आणि बोलणे सर्वांचे, अशी ही विभागणी आहे.

ह्या उपक्रमावर जे आक्षेप आले ते त्याच्या यशापेक्षा अधिक बोलके आहेत. २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये असा कार्यक्रम करायचे ठरले तेव्हा निवड करणाऱ्यांत चँग-रे ली ह्यांची ‘नेटिव्ह स्पीकर’ आणि जेम्स मॅक्ब्राइड ह्यांचे ‘द कलर ऑफ वॉटर’ ह्या दोन पुस्तकांवरून मतभेद झाले. कोणते पुस्तक कोणत्या समूहाला दुखवील, कोणते सर्वांचे होईल, ह्यावर एकमत होईना आणि ‘सबंध शहराचे एक पुस्तक’ ही कल्पना तेथे मूळ धरू शकली नाही. हॅरॉल्ड ब्लूम ह्यांनी तर अशा सामूहिक वाचनाची तुलना सर्वांनी एकाच वेळी बाहेर पडून तोच झटपट खाद्यपदार्थ खाण्याशी केली. ब्लूम ह्यांचा वाचक म्हणजे एकांतातला वाचक, तेव्हा त्यांचा त्रागा समजण्याजोगा आहे. उलट एलिझाबेथ लाँग ह्यांनी वाचनमंडळांच्या अभ्यासातून दाखवून दिले की, एकट्या वाचकाची प्रतिमा हीच एक घडवलेली प्रतिमा आहे. वाचन शिकण्यापासून पुस्तक हाती पडण्यापर्यंत ते सर्व काळ सामाजिक व्यवहारावर उभे असते. डॅनिएल फुलर आणि डिनेल रेबर्ग सेडो ह्यांचा २०१३ मधील अभ्यास ह्याच दिशेने पुढे जातो आणि अशा उपक्रमांत पुस्तकाबरोबरच ‘एकत्र असण्याचे’ सुख कसे विकले जाते, हेही पाहतो. ‘समुदाय’ आधी असतो आणि मग तो पुस्तक वाचतो, की पुस्तक नेमून देण्याच्या क्रियेतून समुदायाची सीमा आखली जाते? न्यूयॉर्कच्या घटनेने हा प्रश्न उघडा केला. तो सिद्धान्ताचा आहे आणि मराठी संदर्भात फार निकडीचा आहे.

महाराष्ट्रातील अलीकडच्या शासकीय उपक्रमांत ह्या प्रश्नाला जागाच दिसत नाही. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा अब्दुल कलाम ह्यांचा जन्मदिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. २०१७ च्या मे महिन्यात महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील भिलार हे ‘पुस्तकांचं गाव’ झाले. २०२५ च्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ ह्या नावाने विद्यापीठांत व महाविद्यालयांत सामूहिक वाचन, पुस्तक परीक्षण, लेखकांशी संवाद असे कार्यक्रम झाले. ह्या सर्वांचा हेतू चांगला आहे, पण त्यांत ‘वाचन’ हे एक अकर्मक सद्गुण म्हणून येते. काय वाचायचे, हा प्रश्न बाजूला राहतो. सर्वांनी बसून वाचले, पण प्रत्येकाने वेगळे वाचले, तर जे घडते ते एकत्र मौन असते. त्याला सामुदायिक वाचन म्हणता येणे कठीण आहे. भिलारमध्ये एका गावात हजारो पुस्तके आहेत, ती प्रामुख्याने येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. ज्या अर्थाने सिॲटलने एक पुस्तक वाचले त्या अर्थाने महाराष्ट्रात सर्वांनी मिळून वाचलेले पुस्तक एकच, ते म्हणजे नेमलेले पुस्तक. पाठ्यपुस्तक आणि अभ्यासक्रमातील कादंबरी हीच येथील सर्वांत मोठी सामुदायिक वाचनयोजना आहे. तिच्यात चर्चेची जागा प्रश्नपत्रिकेने घेतलेली असते, एवढेच.

असे असताना मराठीत सामुदायिक वाचनाची परंपरा नाही, असे म्हणणे मात्र अज्ञानाचे ठरेल. ती आहे, जिवंत आहे आणि समीक्षेच्या नजरेबाहेर आहे. तिचे स्वरूप पाहण्यास पुण्या-मुंबईपेक्षा भंडारा जिल्ह्यातील तुमसरसारखे तालुक्याचे गाव अधिक उपयोगी पडते. तुमसर ही धानाची, तांदळाची बाजारपेठ. तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. हावडा मार्गावरील तुमसर रोड जंक्शनवरून तिरोडीचा फाटा मध्यप्रदेशात शिरतो. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख आधी मध्यप्रांतात आणि मग मध्यप्रदेशात होता, आणि हिंदीची सोबत तेव्हापासूनची नव्हे, त्याही आधीची आहे. घरात झाडीबोली किंवा पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत व पोथीत प्रमाण मराठी, अशी भाषांची उतरंड येथील माणूस दिवसभरात अनेकदा चढतो-उतरतो. अशा ठिकाणी ‘मराठी वाचक’ ही संज्ञाच सैल पडते. आणि तरीही ग्रंथ म्हणून जे काही लोकांच्या कानी पडते ते मराठीच असते. ‘कानी पडते’ हा शब्दप्रयोग येथे अलंकार म्हणून केलेला नाही.

ह्या भागात सामुदायिक वाचनाच्या तीन रीती शेजारी शेजारी नांदतात.

पहिली सर्वपरिचित आहे, ती म्हणजे ज्ञानेश्वरी पारायणाची. हरिनाम सप्ताहाच्या सात दिवसांत ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय, म्हणजे सुमारे नऊ हजार ओव्या, ठरावीक वाटणीने पुऱ्या करायच्या असतात. पहाटे काकडा, मग व्यासपीठ चालकाच्या मागोमाग ओळीने बसलेल्यांचे वाचन, दुपारी प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन व जागर आणि अखेरच्या दिवशी काल्याचे कीर्तन व महाप्रसाद. एका पुस्तकाभोवती आठवडाभर उभारलेल्या कार्यक्रमांची ही रचना पाहिली म्हणजे अमेरिकन ग्रंथालयांनी नवे काय शोधले, असा प्रश्न पडावा. परंतु साम्य वरवरचे आहे. पारायण म्हणजे पार जाणे. त्यात प्रत्येक ओवी उच्चारली गेली पाहिजे, ती कळलीच पाहिजे असे नाही. अर्थाचे काम प्रवचन-कीर्तनाकडे सोपवलेले असते. ज्ञानेश्वरी ही स्वतः श्रोत्यांशी सतत बोलणारी, त्यांची मनधरणी करणारी, त्यांना गप्प बसवणारी संहिता आहे, हे येथे विशेष लक्षणीय. १२९० मध्ये जी संहिता सभेतील संवादासाठी घडली ती पारायणात उच्चाराचे अनुष्ठान होते. ह्याला ऱ्हास म्हणण्याची घाई करू नये. ज्यांना तिची भाषा आता परकी झाली आहे त्यांच्यापर्यंत ती सातशे वर्षे पोहोचत राहिली, ती ह्या अनुष्ठानामुळेच.

दुसरी रीत पूर्व विदर्भाची खास आपली आहे. तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) ‘ग्रामगीता’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या एवढा तिचा विस्तार. गुरुकुंज मोझरीच्या आश्रमातून आणि गुरुदेव सेवा मंडळांच्या शाखांतून ती गावोगाव गेली. तिच्या वाचनाला सामुदायिक प्रार्थना, खंजिरीवरील भजन, ग्रामसफाई, पुण्यतिथी महोत्सव अशी जोड मिळाली आणि तिच्यावर परीक्षाही घेतल्या जाऊ लागल्या. पूर्व विदर्भातील विद्यापीठालाच २००५ मध्ये तुकडोजींचे नाव मिळाले. साहित्यसमीक्षेने मात्र ‘ग्रामगीते’ला उपदेशपर पद्य म्हणून हातावेगळे केले आहे. काव्यदृष्ट्या हा निर्णय कदाचित टिकेल. पण ‘ग्रामगीते’चे महत्त्व तिच्या योजनेत आहे, ओव्यांच्या कसात नव्हे. ओवी हा पोथीचा छंद घेऊन, अध्यायसमाप्तीची पोथीची मुद्रा घेऊन, तुकडोजींनी त्या साच्यात ग्रामसफाई, ग्रामशिक्षण, स्त्रियांची उन्नती, श्रम, सहकार हे विषय भरले. प्रत्येक अध्यायाच्या समाप्तीला गुरू आणि शास्त्र ह्यांच्या जोडीला स्वानुभवाचे प्रमाण सांगितलेले आहे, ही गोष्ट लहान नाही. पोथीच्या परंपरेत श्रोत्याचा अनुभव हा फलश्रुतीचा विषय असतो, प्रामाण्याचा नव्हे. आणि ग्रंथाच्या अखेरीस ग्रंथाध्ययन व ग्रंथमहिमा हे विषय येतात, म्हणजे हा ग्रंथ कसा वाचावा ह्याची चर्चा तो स्वतःच करतो. आपले वाचन सामुदायिक असणार, हे गृहीत धरून लिहिलेली ही विसाव्या शतकातील दुर्मिळ मराठी संहिता आहे. इझरच्या परिभाषेत बोलायचे तर तिचा गर्भित वाचक हे एक गाव आहे.

येथेच तिची अडचणही आहे. ‘ग्रामगीते’ला अभिप्रेत असलेले गाव एकसंध होऊ इच्छिणारे आहे. ग्रंथ त्यातील भेदांवर बोलतो, अस्पृश्यतेवर स्पष्टपणे बोलतो, पण हे भेद सद्भावाने व सेवेने मिटतील अशी त्याची श्रद्धा आहे. गावाच्या ज्या भागाने गावपणाचा अनुभव बहिष्कार म्हणून घेतला, त्याच्या दृष्टीने हा गर्भित वाचक आपण नव्हेच.

तिसरी रीत त्या भागाची आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विदर्भातील बुद्धविहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथाचे क्रमशः वाचन होते. रात्रीची जेवणे आटोपली की वस्तीतली माणसे विहारात जमतात, वंदना होते, एकजण ठरलेला भाग वाचतो आणि इतर ऐकतात. वाचणारा बहुधा शिकलेला तरुण किंवा तरुणी असते, ऐकणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा. शेवटी समापनाचा कार्यक्रम, प्रवचन, भोजनदान. भंडाऱ्याशी आंबेडकरांचा संबंध केवळ श्रद्धेचा नाही. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी ह्याच मतदारसंघातून लढवली आणि ते पराभूत झाले. दोन वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये हा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. म्हणजे आज विहारात जे वाचले जाते ते भाषांतर आहे, आणि बोलीभाषक श्रोत्यांसाठी तर ते भाषांतराचेही भाषांतर ठरते.

ह्या ग्रंथाची रचना सामुदायिक वाचनाच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. आठ खंड, त्यांचे भाग, भागांचे पोटभाग आणि त्यांत क्रमांक दिलेली छोटी छोटी विधाने. धर्मग्रंथाची ही मांडणी आंबेडकरांनी जाणीवपूर्वक केली, आणि ती मोठ्याने वाचायला सोयीची आहे. एका रात्री किती वाचायचे हे क्रमांकच ठरवतात. पण ह्या धर्मग्रंथाच्या प्रारंभी जे आहे ते सहसा धर्मग्रंथांच्या प्रारंभी नसते. तेथे चार प्रश्न आहेत. बुद्धाने गृहत्याग का केला? चार आर्यसत्ये मूळ शिकवणीचा भाग आहेत का? आत्मा नाकारल्यावर कर्म व पुनर्जन्म ह्यांचा अर्थ काय? भिक्षूची निर्मिती कशासाठी? रोगी, वृद्ध आणि मृत माणूस दिसल्यामुळे सिद्धार्थ घराबाहेर पडला ही पारंपरिक कथा आंबेडकर नाकारतात. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याला ह्यांतले काहीच दिसले नसेल, हे त्यांच्या बुद्धीला पटत नाही. ह्या प्रश्नांच्या सोडवणुकीत वाचकांनी पुढे येऊन आपली भर घालावी, अशी अपेक्षाही ते व्यक्त करतात. म्हणजे ग्रंथ वाचकाला चर्चेचे आवतण देऊनच सुरू होतो.

विहारातील वाचनात ह्या आवतणाचे काय होते? नित्याच्या वाचनात ते बहुधा पारायणात विरघळते. आजचा भाग पुरा झाला, उद्या पुढचा. खंड संपवण्याची ओढ, वाचनाआधीची वंदना, ग्रंथाला दिला जाणारा मान ह्यांतून ज्ञानेश्वरी पारायणाचीच एक आवृत्ती उभी राहते. काही आंबेडकरी अभ्यासकांना ह्याचा खेद वाटतो आणि तो रास्त आहे. परंतु ह्या टीकेत एक गोष्ट निसटते. संहितेचा अर्थ चर्चेतच खुलतो, ही सिॲटलची कल्पना आहे, म्हणजेच आधी एकांतात वाचू शकणाऱ्यांची. ज्यांना एकत्र बसून ग्रंथ ऐकण्याचाच अधिकार पिढ्यानपिढ्या नव्हता, त्यांच्या दृष्टीने ‘आमच्या वस्तीत आमचा ग्रंथ आमच्यातला एकजण वाचतो’ ह्या कृतीला संहितेच्या अर्थाहून वेगळा, स्वतंत्र अर्थ आहे. वाचन ही येथे एक उक्ती नसून कृती आहे. ह्या कृतीचा अर्थ पहिल्या रात्री जेवढा असतो तेवढाच शेवटच्या रात्री असतो, आणि म्हणून ती दरवर्षी पुन्हा करता येते.

तरीही संहिता स्वस्थ बसत नाही, हे दाखवण्यास एक स्थळ पुरेसे आहे. गृहत्यागाचे जे कारण आंबेडकर पारंपरिक कथेच्या जागी ठेवतात ते पाण्याच्या तंट्याचे आहे. रोहिणी नदीचे पाणी शेतीला प्रथम कोणी घ्यायचे ह्यावरून शाक्य आणि कोलिय ह्यांच्या सेवकांत मारामारी होते. शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो, मतदानात हरतो आणि तरीही सैन्यात जाण्यास नकार देतो. संघाचा निर्णय मोडल्याबद्दल त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीच्या जप्तीचा धोका उभा राहतो. तो टाळण्यासाठी तो स्वतः देश सोडतो. हा भाग पुण्यातल्या वाचनकक्षात वाचला तर आंबेडकरांनी बुद्धचरित्राला दिलेले बुद्धिवादी वळण म्हणून वाचला जाईल, आणि ते वाचन चुकीचे नव्हे. पण तोच भाग तुमसर तालुक्यात, रोवणीच्या दिवसांत वाचला जातो. आषाढ पौर्णिमा येते तेव्हा धानाची बांधी भरलेली असावी लागते. दिवसभर चिखलात वाकून रोवणी केलेल्या बाया रात्री विहारात बसलेल्या असतात. हा तलावांचा जिल्हा. बोडीचे, तलावाचे, आता बावनथडी प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी आधी कोणाच्या बांधीत जाते, ह्याचे गणित येथे लहान मुलालाही ठाऊक असते. बावनथडीचे पाणी तर दोन राज्यांत वाटायचे आहे. ‘पाणी प्रथम कोणी घ्यायचे’ हा प्रश्न अशा श्रोत्यांना प्राचीन इतिहास म्हणून ऐकू येणे अशक्य आहे. आणि ‘बहिष्कार’ हा शब्द? १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव देणाऱ्या लेखकाने राजपुत्राच्या घरावर बहिष्काराची छाया आणली आहे. श्रोत्यांना ज्याचा अनुभव आहे ते संकट बुद्धाच्या चरित्रात सापडते, तेव्हा ह्या वाचनात कोणी चर्चा केली नाही म्हणून अर्थ निर्माण झाला नाही, असे कसे म्हणावे? याऊस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो ते येथे साहित्यप्रकारांच्या परिचयाने बनलेले नाही, ते बांधीच्या धुऱ्यावर बनलेले आहे.

ह्या तिन्ही रीतींत आणखी एक धागा समान आहे आणि तो भाषेचा आहे. वाचले जाते ते एका भाषेत, समजावले जाते दुसऱ्या. निरूपण करणारा ओवी किंवा विधान वाचतो आणि ‘म्हणजे कसं,’ असे म्हणून बोलीत शिरतो. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, छापलेल्या मराठीतले आणखीही बरेच काही तिच्यात निराळे होऊन येते. पोवारीचे व्याकरण तर वेगळेच. ह्या ‘म्हणजे’नंतर जे घडते ते समीक्षेने कधी नोंदलेले नाही. तेथे दृष्टान्त बदलतात, गावातल्या माणसांची नावे येतात, संहितेने ज्यांच्यावर मौन पाळले ते विषय येतात. मराठीतील खरी टीकापरंपरा, म्हणजे ग्रंथावर टीका लिहिण्याची जुनी परंपरा, आज ह्या अलिखित निरूपणात जिवंत आहे असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. तुकडोजींनी मराठीइतकीच सहजतेने हिंदीतही रचना केली, ती ह्याच द्वैभाषिक श्रोत्यासाठी.

आता मूळ प्रश्नाकडे. तुमसरसारख्या गावात तीन सामुदायिक वाचने आहेत, पण सबंध गावाचे वाचन एकही नाही. मंदिरातील सप्ताह, मंडळातील ‘ग्रामगीता’, विहारातील ‘धम्म’ हे तीन समुदाय एकमेकांच्या ग्रंथांची नावे जाणतात, एकमेकांच्या ध्वनिक्षेपकांचे आवाज ऐकतात, परंतु एकमेकांचे ग्रंथ वाचत नाहीत. ह्यात वैरच असते असे नाही. न्यूयॉर्कला जे निवड समितीच्या बैठकीत उघड झाले ते येथे गावाच्या नकाशावर आधीच आखलेले आहे. ‘एक गाव, एक ग्रंथ’ ही कल्पना जेव्हा एखादे ग्रंथालय किंवा महाविद्यालय उत्साहाने मांडील तेव्हा ह्या नकाशाचा विचार तिला करावा लागेल. ‘सर्वांना चालेल’ असे पुस्तक निवडण्याचा मोह मोठा असतो. असे पुस्तक म्हणजे सहसा ज्यात कोणाचे काहीच पणाला लागलेले नाही असे पुस्तक, आणि ते वाचून झाल्यावर बोलण्यासारखेही काही उरत नाही. सिॲटलने पहिल्याच खेपेला मुलांच्या मृत्यूवरची कादंबरी निवडली होती, हे विसरता कामा नये.

सबंध गाव ज्याच्यासमोर एकत्र बसते ती संहिता पूर्व विदर्भात आहे, पण ती ग्रंथ नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दंडार होते, खडीगंमत होते, आणि झाडीपट्टीच्या नाटकाचा मंडप पडतो. ह्या नाटकांना समीक्षकांनी भडक म्हटले आहे आणि ती बहुतांशी तशी आहेतही. पण त्यांच्यासमोर रात्रभर बसलेला प्रेक्षक हा अभिनवगुप्ताच्या अर्थाने ‘सामाजिक’ आहे. सप्ताहातला, मंडळातला आणि विहारातला माणूस तेथे एकाच ताडपत्रीवर बसतो, जवळजवळ बसतो की गटागटाने बसतो हा पुढचा प्रश्न. नाटक पाहून परतताना रस्त्यावर जी चर्चा होते ती विहारात किंवा मंदिरात होत नाही, कारण नाटकाला कोणी हार घातलेला नसतो. ग्रंथाला दिलेला मान हा त्याच्याविषयी बोलण्याच्या आड येतो, हे तिन्ही वाचनांच्या बाबतीत कमीअधिक खरे आहे.

दया पवार ह्यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले तेव्हा ते प्रसिद्ध करणाऱ्या ‘ग्रंथाली’ने स्वतःला वाचक चळवळ म्हणवून घेतले होते. ग्रंथाला न भिता त्याच्यावर भांडण्याची सवय त्या काळात मराठी शहरी वाचकाला काही अंशी लागली. त्या भांडणाचा परीघ मध्यमवर्गीय राहिला, ही त्याची मर्यादा. पण ‘बलुतं’वर ज्यांनी वाद घातला त्यांच्यात ते पुस्तक आवडलेले होते, न आवडलेले होते आणि त्यात स्वतःला पाहून अस्वस्थ झालेलेही होते. वस्तीतल्या माणसांनी वस्तीविषयीच्या पुस्तकावर घेतलेला आक्षेप हा त्या चर्चेतला सर्वांत मोलाचा भाग होता, आणि तो कोणत्याही निवड समितीला आधी सुचला नसता.

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने उद्या असा कार्यक्रम योजला तर त्याला ग्रंथ शोधायला दूर जावे लागणार नाही. रोहिणीच्या पाण्याचे ते काही पृष्ठांचे प्रकरण मंदिराच्या सभामंडपात आणि ‘ग्रामगीते’तील गावाच्या घडणीवरचा एखादा अध्याय विहारात वाचला गेला, वाचणारा त्या त्या जागेचा नसला आणि ‘म्हणजे कसं’ म्हणण्याचा अधिकार ऐकणाऱ्यांकडे राहिला, तर दोन्ही ठिकाणी प्रथम जे ऐकू येईल ती बहुधा कुजबुज असेल. तीतले शब्द झाडीबोलीत असतील, पोवारीत असतील, क्वचित हिंदीत, आणि ते टिपून घेण्याचे काम ज्याच्याकडे असेल त्याला रा. भा. पाटणकरांइतकाच अभिनवगुप्तही उपयोगी पडेल.